नानांनी वाचून दाखवलेला आकडा

नाना खैरनारांनी पहिल्याच भेटीत मला पाठ फिरवून बसायला लावलं. मी गेलो होतो त्यांच्या दुकानात एक ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला, आणि बसलो होतो भिंतीकडे तोंड करून, मांडीवर वही आणि हातात पेन घेऊन. माझ्या मागे नाना एक पाय दुमडून स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर मॉनिटर होता आणि शेजारी टेबलफॅन शेवटच्या नंबरावर घोंघावत होता. जानेवारी महिना होता, मी स्वेटर घालून आलो होतो, आणि तरी तो पंखा माझ्या मानेवर वारा सोडत होता. मी मान वळवून पंखा बंद करायला सांगणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "वळायचं नाही. मी आकडा सांगेन, तू लिही. कोणतं कार्ड लागलंय ते तुला कळता कामा नये."

ज्यांनी कॉम्प्युटर कधी उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पडद्यावर जे हलतं चित्र दिसतं ते काढायचं काम ग्राफिक्स कार्ड नावाची एक हातभर लांबीचीही नसलेली पट्टी करते. एका सेकंदात ती जितकी चित्रं काढेल तितकं हलणं सुरळीत दिसतं. या चित्रांना फ्रेम म्हणतात. जुन्या कार्डाला सेकंदाला तीस फ्रेम जमत असतील आणि नव्याला साठ, तर नवं दुप्पट चांगलं. पण हे खरोखर मोजून पाहणारा माणूस त्या काळी नाशकात एकच होता. बाकीचे दुकानदार खोक्यावर छापलेलं वाचून दाखवायचे.

नाना मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या आसपास ते नाशकात आले आणि एम. जी. रोडच्या मागच्या एका कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावर जिन्याच्या अगदी तोंडाशी, त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. अंगाने किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शहरात राहून त्यांचं बोलणं तुमच्याआमच्यासारखंच झालं होतं, पण फार खूश झाले किंवा फार अडचणीत आले की 'माझी'च्या जागी 'मनी' आणि 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. मग ते एकदम सहा-सात वर्षांनी लहान दिसायचे.

त्यांची मोजण्याची रीत ठरलेली होती. कार्डाचे सोनेरी दात आधी शाळेतल्या खोडरबराने घासायचे. मग ते खाचेत बसवायचं. मग एका गोळीबाराच्या गेममधला ठरावीक तुकडा चालवायचा. तुकडा संपला की पडद्यावर फ्रेमचा सरासरी आकडा यायचा. असं चार वेळा. पहिल्या वेळचा आकडा ते धरायचे नाहीत, कारण तेव्हा सगळं हार्डडिस्कवरून उचललं जातं आणि वेळ खातं. तो तुकडा चालू असताना चहा सांगायचा, असा दुकानाचा नियम होता. "पहिला आकडा चहाचा," नाना म्हणायचे. उरलेल्या तीन आकड्यांची सरासरी भिंतीवरच्या एका मोठ्या तक्त्यावर जायची. डावीकडे जुनी कार्डं, उजवीकडे नवी. कंपन्यांची नावं लांबलचक आणि एकसारखी असायची म्हणून नानांनी कार्डांना आपली नावं दिली होती. बिनपंख्याचं, एकपंखी, दोनपंखी. कार्डावर गारव्यासाठी जे इवलेसे पंखे असतात त्यांवरून. खोलीतला टेबलफॅन जोरात लावायचा तो यासाठीच, की लिहिणाऱ्याला त्या इवल्या पंख्यांच्या आवाजावरून कार्ड ओळखता येऊ नये.

लिहिणाऱ्याने पाठ का फिरवायची, हे मी त्या पहिल्या दिवशीच विचारलं. नानांनी सांगितलं की आधी ते एकटेच पाहायचे आणि लिहायचे. एकदा जुनी पानं चाळताना त्यांना दिसलं की नव्या कार्डांच्या बाबतीत प्रत्येक वेळी अपूर्णांक वर ढकलला गेलाय आणि जुन्यांच्या बाबतीत खाली. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं, हाताने आपोआप केलं होतं. "डोळ्याला नवं आवडतं, भाऊ. म्हणून लिहिणाऱ्याला डोळेच द्यायचे नाहीत," असं ते म्हणाले. मला तो माणूस त्याच क्षणी आवडला. मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून दिवसभर भांडणाऱ्या लोकांमध्ये माझं आयुष्य चाललं होतं, आणि इथे एक माणूस स्वतःच्या हातावर संशय घेत होता.

त्या दिवसापासून पुढची पाच वर्षं दर रविवारी सकाळी मी नानांकडे जायचो. कामाची वाटणी आपसूक झाली. आदल्या दिवशी मशीन कोरं करून त्यावर विंडोज टाकणं, प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, आणि सेटिंगं लावून ठेवणं हे माझं काम. रविवारी कार्ड बसवणं आणि आकडा वाचणं हे त्यांचं. लिहायला पुन्हा मी. तक्त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात नानांनी एक दिवस बारीक अक्षरात लिहून टाकलं, 'वाचन : खैरनार, लेखन : विलास'. मी घरी जाऊन बायकोला ते तीनदा सांगितलं. तिने विचारलं, याचे काही मिळतात का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग ठीक आहे, निदान वाद व्हायचे नाहीत.

नानांच्या गोष्टी सांगायच्या तर खूप आहेत. विंचूरचा एक फोटोस्टुडिओवाला एकदा नवंकोरं महागडं कार्ड घ्यायला आला. खोक्यावर चिलखत घातलेल्या, तलवार उपसलेल्या एका बाईचं चित्र होतं, आणि त्या चित्रानेच त्याचा निर्णय झाला होता हे दिसत होतं. नानांनी त्याला काम काय करतोस ते विचारलं. लग्नाचे फोटो साफ करतो, असं तो म्हणाला. नाना म्हणाले, "खोक्यावरची बाई आत येत नाही, बाबा. तुझ्या कामाला जुनं बिनपंख्याचंही तेवढंच पळतं." त्यांनी त्याच्यासमोर दोन्ही लावून दाखवली, कार्ड विकलंच नाही, आणि मेमरीची एक पट्टी देऊन त्याला परत पाठवला. तो पुढे विंचूरहून दर दोन महिन्यांनी कोणाला तरी घेऊन यायचा.

दुसऱ्या वेळी एका कंपनीने जुन्या कार्डाचंच पोट ठेवून वर मोठा नंबर चिकटवलेलं नवं कार्ड बाजारात आणलं. नंबर मोठा म्हणून सगळ्या दुकानांत ते धडाधड खपत होतं. आमच्या मोजणीत ते आदल्या वर्षीच्या एकपंखीपेक्षा नऊ फ्रेमनी मागे पडलं. घाऊक व्यापारी स्वतः दुकानात आला आणि तक्त्यावरून तो आकडा काढा म्हणाला. पुढच्या खेपेचा माल देणार नाही, असंही सुचवून पाहिलं. नानांनी त्याला स्टूल दिलं, पाठ फिरवून बसायला सांगितलं, हातात पेन दिलं आणि आकडे वाचून दाखवले. व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने नऊ फ्रेमची तूट लिहिली आणि चहा पिऊन गेला. नानांना माल मिळणं खरंच सहा महिने बंद झालं. आकडा तिथेच राहिला.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. मी लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, इतक्या वर्षांत राग गेला असेल आणि जाणत्या माणसासारखं लिहिता येईल. राग गेलेला नाही. पण ज्या माणसावर रागावलोय तो काही ऐरागैरा नव्हता, हे वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. ऐऱ्यागैऱ्याने फसवलं असतं तर मी चार दिवसांत विसरलो असतो.

दोन हजार दोनच्या सुमाराला मी नोकरी सोडली. इंदिरानगरात एका बिल्डरची मोठी स्कीम उभी राहत होती. मी त्या शेठना एक कल्पना सांगितली. इमारत अजून पायातच आहे, पण गिऱ्हाइकाने शेठच्या ऑफिसात येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं, माऊस धरायचा आणि आपल्या भावी फ्लॅटमध्ये फिरायचं. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बाल्कनीत, हवं तिकडे वळायचं. आधी चित्रित केलेली फिल्म नाही, माऊस हलेल तसं चित्र तिथल्या तिथे तयार होणार. नाशकात असलं काही कोणी केलं नव्हतं. शेठ खूश झाले. दसऱ्याला बुकिंग सुरू होणार होतं. तीन मशीन मी तयार करून द्यायची, ती दसऱ्याला नीट चालली तर त्यांच्या पुढच्या चार स्कीमही माझ्या. कारखान्यात राजीनामा दिला त्या दिवशी आमच्या साहेबांनी विचारलं होतं, घरी बायको काय म्हणते. मी म्हटलं होतं, ती म्हणते विचार करून सांग, आणि मी विचार केलाय.

माझं सगळं गणित ग्राफिक्स कार्डावर अवलंबून होतं. चित्र तिथल्या तिथे काढायचं म्हणजे कार्डाने पळालं पाहिजे. माझ्याकडे एकपंखी कार्ड होतं, चांगलं होतं, तक्त्यावर बावन्न फ्रेमवर उभं होतं. नुकतंच बाजारात दोनपंखी आलं होतं, दुपटीहून महाग. ते खरंच दुप्पट पळतं का, एवढाच प्रश्न होता.

त्याच महिन्यात कंपनीचा एक टायवाला माणूस मुंबईहून आला आणि गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये त्याने शहरातल्या सगळ्या कॉम्प्युटर दुकानदारांना दोनपंखीबद्दल सांगितलं. पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. नवं कार्ड जुन्याच्या जवळजवळ दुप्पट. नाना आणि मी मागच्या रांगेत होतो. आलेख संपले आणि नाना उभे राहिले. म्हणाले, आम्ही हे कार्ड आमच्या पद्धतीने तपासलंय, पाच-सहा फ्रेमचा फरक आहे, दुसरा पंखा फक्त आवाज करतो. हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर आल्यावर नानांना हसत विचारलं, आपण कधी तपासलं? कार्ड अजून आपल्या हाताला लागलेलंच नाही. नाना म्हणाले, "तपासू की. पळून जातंय का कुठे?" मला त्यात गंमत वाटली. मोठा माणूस भर सभेत थोडा वाहवत जातो, एवढंच मी समजलो.

पुढच्या आठवड्यात मी ओळखीने दोनपंखी एका दिवसासाठी मिळवलं. शनिवारी मशीन कोरं केलं, दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर टाकले, सेटिंगं लावली. त्यातलं एक सेटिंग महत्त्वाचं असतं. ते चालू राहिलं तर कार्ड मॉनिटरच्या वेगाला बांधलं जातं आणि साठच्या वर आकडा जाऊच शकत नाही. नवे ड्रायव्हर ते आपोआप चालू करून ठेवतात. मी ते बंद केलं आणि नेहमीप्रमाणे पुन्हा एकदा उघडून पाहिलं. रविवारी सकाळी नानांना मी सांगितलं की आजचा आकडा माझ्यासाठी फार मोलाचा आहे, यावर मी तीन मशीनची कार्डं ठरवणार. त्यांनी मान डोलावली. मी पाठ करून बसलो. टेबलफॅन सुरू झाला.

पहिल्या कार्डाचे आकडे त्यांनी नेहमीसारखे वाचले. बावन्न, बावन्न, एक्कावन्न. मग कार्ड बदललं, चहा आला. दुसऱ्या कार्डाच्या दुसऱ्या फेरीनंतर ते थोडे थांबले. मला वाटलं चहा पितायत. मग म्हणाले, अठ्ठावन्न. नंतर सत्तावन्न, नंतर पुन्हा अठ्ठावन्न. मी वहीत लिहिलं. मग त्यांनी सांगितलं की पहिलं एकपंखी होतं, दुसरं दोनपंखी. मी वही मिटून म्हटलं, नाना, तुम्ही हॉलमध्ये न तपासता बरोबर सांगितलंत. ते हसले नाहीत. खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवत राहिले. सहा फ्रेमसाठी दुपटीहून जास्त पैसे मोजायचे कशाला, असा विचार करून मी आणखी दोन एकपंखी घेतली. दोनपंखी संध्याकाळी ज्याचं त्याला परत गेलं.

दसऱ्याच्या दिवशी शेठच्या साइट ऑफिसात पूजा झाली, आपट्याची पानं वाटली, आणि तीन कॉम्प्युटरसमोर तीन कुटुंबं बसली. फ्लॅटचं माझं मॉडेल जड होतं, त्यात फर्निचर होतं, खिडकीतून ऊन येत होतं. माऊस वळवला की चित्र अडखळायचं आणि मग एकदम उडी मारून पुढे यायचं. किचनकडे वळलं तर काही वेळ भिंतच दिसायची. एक वयस्कर बाई दोन मिनिटांत खुर्चीवरून उठल्या आणि मुलाला म्हणाल्या, मला गरगरतंय, आपण कागदावरचा नकाशाच बघू. दुपारपर्यंत तिन्ही मशीन नुसती उभी होती. शेठ चांगले होते, ओरडले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "विलासराव, घर असं अडखळायला लागलं तर माणूस पैसे टाकेल का त्यात?" दोन आठवड्यांनी त्यांनी पुण्याची पार्टी आणली.

पुण्याच्या पार्टीची मशीन मी पाहायला गेलो. जाऊ नये असं वाटत होतं तरी गेलो. त्यांचं घरही माझ्याएवढंच जड होतं, आणि ते लोण्यासारखं फिरत होतं. बाकी मशीन माझ्यासारखंच. आत दोनपंखी कार्ड होतं. मी तिथल्या मुलीला विनंती करून आमचा तो गेमचा तुकडा चालवून पाहिला. आकडा आला सत्त्याण्णव.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या दुकानात गेलो, पुण्याच्या पार्टीकडून तेच कार्ड मागून घेऊन. म्हटलं, पुन्हा मोजू, पण या वेळी मी पडद्याकडे तोंड करून बसणार. नाना म्हणाले, आपली रीत तशी नाही. मी म्हटलं, आज रीत राहू द्या. ते म्हणाले, "पाठ फिरवून बसतोस तर बस, नाहीतर राहू दे." पाच वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. खोडरबर स्वतः घेतलं, कार्ड स्वतः बसवलं. चहा कोणी सांगितला नाही. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. शहाण्णव.

खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःपेक्षा त्यांचीच जास्त लाज वाटत होती. ते पडद्याकडे पाहत होते आणि चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होते. मला ते बघवेना. म्हणून मीच म्हटलं, नाना, त्या शनिवारी ते साठला बांधणारं सेटिंग काढायला मी विसरलो असेन, अठ्ठावन्न त्यानेच आला असेल. मी विसरलो नव्हतो हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी त्यांना बाहेर पडायला एक दार उघडून दिलं. नानांनी नकारार्थी मान हलवली.

"सेटिंग बरोबर होतं. मी सत्त्याण्णव पाहिलं. हॉलमधे एवढ्या लोकांसमोर बोलून बसलो होतो, आवाजच फुटेना, आणि फुटला तेव्हा अठ्ठावन्न निघाला. मनी चूक शे, भाऊ."

मी विचारलं, त्या आकड्यावर माझं काय अवलंबून होतं ते तुम्हाला मी सकाळीच सांगितलं होतं ना? ते म्हणाले, हो. त्यांना वाटलं होतं, जुन्यावरही माझं भागून जाईल. एवढं अडेल असं वाटलं नव्हतं. मी उठलो. दारातून एवढंच म्हटलं की तक्ता बदला. घरी जाताना मला आमच्या रीतीतली मोठी चूक कळली. आम्ही लिहिणाऱ्याचे डोळे बांधले होते आणि वाचणाऱ्याचे उघडे ठेवले होते. खोटं बोलणं ज्याला शक्यच नव्हतं त्याच्यावर आम्ही पाच वर्षं पहारा ठेवला.

नानांनी तक्ता बदलला. आठ दिवसांनी मी कॉम्प्लेक्सखालून जाताना जिना चढून डोकावलो. अठ्ठावन्नवर पांढरा कागद चिकटवून त्यावर सत्त्याण्णव लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. नाना आत दुरुस्तीत होते, त्यांनी मला पाहिलं नाही. मी तसाच खाली उतरलो. तो पांढरा कागद मला पुढची सहा-सात वर्षं पुरला. मी पुन्हा नोकरी धरली, या वेळी सिन्नरला, रोज जाऊन-येऊन तीन तासांचा रस्ता. स्वतःचं काम करण्याचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही. बायकोने एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. पण नानांचा विचार आला की मी मनाशी म्हणायचो, या माणसाने माझं मोठं नुकसान केलं खरं, पण पळवाट हातात दिली तेव्हा घेतली नाही. तोंडावर कबूल केलं, आणि तक्ताही बदलला. असे किती लोक असतात? रस्त्यात भेटले तर मी थांबायचो. ते विचारायचे, बरं चाललंय ना. मी म्हणायचो, बरं चाललंय. रविवारी मात्र मी परत कधी गेलो नाही.

नाना दोन हजार नऊमध्ये गेले. सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच कोसळले, असं कळलं. दुकानदारांनी शोकसभा ठेवली. मला निरोप आला की दोन शब्द बोला, नानांना जवळून पाहिलेले तुम्हीच. मी गेलो आणि बोललो. पाठ फिरवून बसण्याची गोष्ट सांगितली, विंचूरच्या फोटोवाल्याची सांगितली, घाऊक व्यापाऱ्याची सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. अठ्ठावन्नबद्दल मी बोललो नाही. सांगायचं नाही असं घरून ठरवूनच निघालो होतो.

सभा संपल्यावर चहा होता. नानांच्या शेजारच्या गाळ्यातले बोरसे माझ्याजवळ आले. शेवटची दहा वर्षं नानांचा डबा त्यांच्याबरोबर असायचा. माझा हात हातात घेऊन म्हणाले की तुम्ही फार छान बोललात, आणि तुम्ही आलात याचंच मला विशेष वाटलं. मी म्हटलं, का बरं? बोरशांनी आवाज खाली आणला.

"तक्ता बदलला तेव्हा आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं ना, नाना, हे कसं काय? तेव्हा म्हणाले, विलासकडून ते साठचं सेटिंग राहिलं होतं. पण त्याला कोणी बोलू नका, त्यात त्याचाच धंदा बसला. नाना तुमच्याबद्दल शेवटपर्यंत कधी वाईट बोलले नाहीत हो."

मी कप खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी मान हलवून नाकारलेली पळवाट आठ दिवसांच्या आत उचलली होती, तीही माझ्या नावानिशी. मला माफ करून त्यांनी स्वतःचं मोठेपणही त्यात बसवून घेतलं होतं. आणि सात वर्षं हा अख्खा बाजार मला सांभाळून घेत होता. रस्त्यात भेटल्यावर दुकानदार माझ्याशी जरा जास्त प्रेमाने बोलायचे, ते का, हेही मला तेव्हा कळलं. मी ज्या कबुलीवर माणसाला मोठं मानत आलो होतो ती त्यांनी बंद दुकानात, माझ्या एकट्यासमोर केली होती. बाहेर त्यांनी एक शब्दही तसा काढला नव्हता.

मी बोरशांना म्हटलं, "सेटिंग राहिलं नव्हतं. मी ते स्वतः बंद केलं होतं. नानांनी आकडा खोटा वाचला, आणि माझ्याजवळ तसं कबूलही केलं होतं."

आजूबाजूचे तीन-चार जण आमच्याकडे वळले. कोणी रागावलं नाही. बोरशांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार समजुतीने म्हणाले, जाऊ द्या विलासराव, चुका सगळ्यांकडून होतात, माणूस गेला आता. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी मला अजून एक चहा आणून दिला.

मी तो न पिता बाहेर आलो. माझ्या बाजूने साक्ष देऊ शकेल असा साऱ्या नाशकात एकच माणूस होता, आणि मी त्याच्याच शोकसभेत नुकतंच त्याचं कौतुक करून आलो होतो.